बेस प्लेट, दोन पिना आणि चार नट : फिक्स्चर-बदलाच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च

आज व्हीएमसीवरील (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनवरील) एका फिक्स्चर-बदलाची, म्हणजे जॉब पकडणारे साधन बदलण्याची, वेळ घड्याळ लावून मोजली. जुन्या जॉबचा शेवटचा योग्य नग उतरल्यापासून नव्या जॉबचा पहिला योग्य नग हाती येईपर्यंत ६८ मिनिटे गेली. जुने फिक्स्चर सोडून उतरवण्यास ९, टेबल पुसण्यास ५, योग्य मापाचे टी-नट, बोल्ट आणि क्लॅम्प शोधण्यास ११, नवे फिक्स्चर ठेवून डायलने (सूक्ष्म फरक दाखवणाऱ्या मापकाने) सरळ करण्यास १७, शून्य घेण्यास (जॉबचा आरंभबिंदू मशीनला देण्यास) १०, टूल भरण्यास ७ आणि पहिला नग मोजून दुरुस्ती करण्यास ९ मिनिटे लागली. यातील एकही मिनिट आळसाचे नव्हते. सेटर सतत कामात होते, स्पिंडल मात्र पूर्णपणे थांबलेला होता.

जपानी उत्पादन-तज्ज्ञ शिगेओ शिंगो यांनी १९५० मध्ये हिरोशिमा येथील तोयो कोग्यो कारखान्यात प्रेसचे काम पाहताना जी विभागणी मांडली, तिचाच आधार घेऊन हे आकडे पुन्हा वाचले. यंत्र थांबवूनच करावी लागणारी कामे एकीकडे आणि यंत्र चालू असताना उरकता येण्याजोगी कामे दुसरीकडे, अशी ती विभागणी आहे. १९६९ मध्ये टोयोटाच्या १००० टनी प्रेसवरील चार तासांचा बदल आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आला, तो याच वाटेने. आमच्या यादीतील शोधाशोध आणि टूल भरणे ही १८ मिनिटे केवळ तयारीच्या शिस्तीने यंत्राबाहेर नेता येतील. डायल लावणे आणि शून्य घेणे ही २७ मिनिटे मात्र शिस्तीने जाणार नाहीत. फिक्स्चर प्रत्येक वेळी त्याच जागी बसणार असेल तरच ती जातील, आणि हा प्रकल्प त्यासाठीच हाती घेतला आहे.

६ मार्च

तीन पर्याय तपासले. पहिला, फिक्स्चरच्या तळाला टेनन (स्लॉटमध्ये बसणारी पट्टी) लावून ते थेट टेबलाच्या टी-स्लॉटमध्ये (टी आकाराच्या खाचेत) बसवणे. यात एक दिशा बऱ्यापैकी सरळ मिळते, पण स्लॉटच्या लांबीच्या दिशेने फिक्स्चर कोठेही सरकू शकते. शिवाय टेबलाचे स्लॉट वर्षानुवर्षे क्लॅम्पिंग सोसून कडेला झिजलेले असतात. दुसरा पर्याय झीरो-पॉइंट मॉड्यूलचा. त्यात फिक्स्चरच्या तळाचे पुल-स्टड मॉड्यूलमध्ये शिरतात, स्प्रिंगच्या जोराने पकडले जातात आणि हवेच्या किंवा तेलाच्या दाबाने सुटतात. पाच मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत पुनरावृत्ती देणारी, म्हणजे दर वेळी त्याच जागी बसवणारी, ही व्यवस्था दिवसाला दहा-बारा बदल असतील तेथे निःसंशय योग्य आहे. आमच्याकडे दिवसाला दोन किंवा तीन बदल होतात. तिसरा पर्याय, स्वतः बनवलेली बेस प्लेट, जागा ठरवणाऱ्या दोन लोकेटिंग पिना आणि सी-वॉशरचे (एका बाजूने उघड्या वॉशरचे) क्लॅम्पिंग. हाच निवडला.

झीरो-पॉइंटच्या पुल-स्टडची मांडणी मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. चार स्टडपैकी एक सर्व बाजूंनी नेमका बसणारा, दुसरा एकाच दिशेत नेमका आणि उरलेले दोन मुद्दाम सैल असतात. ज्याचे काम जागा ठरवणे त्याने जागा ठरवावी आणि ज्याचे काम दाबून धरणे त्याने केवळ दाबावे, हा नियम तेथेही आहे आणि आमच्या आराखड्यातही तोच पाळायचा आहे.

११ मार्च

आराखडा पक्का झाला. बेस प्लेट मध्यम कार्बन पोलादाची, ६०० × ४०० मिमी, जाडी ४० मिमी. तिचे वजन सुमारे ७५ किलो भरते, पण ती एकदा टेबलावर बसली की उचलायची नाही. फिक्स्चर प्लेटा ॲल्युमिनियमच्या, ४०० × ३०० मिमी, जाडी २५ मिमी. रिकामी प्लेट सुमारे ८ किलोची होते, हीच प्लेट पोलादाची केली असती तर साडेतेवीस किलोची झाली असती. प्लेटवर जॉबचे क्लॅम्प आणि रेस्ट चढल्यावरही एका माणसाला ती पाठ न दुखवता उचलता यावी, हे मला मिनिटे वाचवण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

प्लेटच्या मध्यरेषेवर दोन टोकांना दोन पिना, त्यांमधील अंतर ३४० मिमी. डावी पिन १६ मिमी व्यासाची आणि उजवी १२ मिमीची, म्हणजे प्लेट उलटी फिरवून बसवणे शक्यच होणार नाही. पिनांचे माप जी६ आणि त्या ज्यात शिरतात त्या फिक्स्चर प्लेटमधील बुशचे (दाबून बसवलेल्या नळीचे) एच७, ही दोन्ही प्रमाणित टॉलरन्सची नावे. या दोन्ही व्यासांना एच७ म्हणजे ० ते +१८ मायक्रॉन आणि जी६ म्हणजे −६ ते −१७ मायक्रॉन, त्यामुळे सैलपणा किमान ६ आणि कमाल ३५ मायक्रॉन येतो. क्लॅम्पिंगसाठी चार कोपऱ्यांत एम१२चे स्टड बेस प्लेटमध्ये कायमचे बसवायचे. फिक्स्चर प्लेटमधील भोक २४ मिमीचे ठेवायचे, म्हणजे नट न काढता प्लेट त्यावरून खाली उतरते. मग नटाखाली सी-वॉशर सरकवायचा आणि नट आवळायचा. बोल्टचा शेवटचा आटाच खरे काम करतो, आधीचे सगळे आटे नुसते फिरवण्यात जातात, ही शिंगो यांचीच दृष्टी येथे कामी येते.

एक फायदा आराखडा काढताना ध्यानात आला. स्टड पिनांपेक्षा उंच असल्यामुळे प्लेट खाली येताना आधी स्टडांवर ढोबळ दिशा घेते आणि मग पिनांवर नेमकी बसते. जड प्लेट हातात धरून १६ मिमीच्या भोकात पिन नेमकी शोधत बसावे लागत नाही.

१८ मार्च

बेस प्लेट टेबलावर चढवली. खालचा पृष्ठभाग आधीच ग्राइंड केला होता, वरचा पृष्ठभाग मशीनवरच हलका फेस केला. पिनांची भोके प्लेट टेबलावर आवळल्यानंतर त्याच मशीनवर बोअर केली. ती बाहेरून करून आणली असती तर पिनांची रेषा एक्स अक्षाला समांतर करण्यासाठी पुन्हा डायल लावावा लागला असता. येथे मशीननेच ती रेषा आखली.

२१ मार्च

पहिली फिक्स्चर प्लेट रोल केलेल्या ॲल्युमिनियमची घेतली होती. एका बाजूने खिसे काढताच ती सर्फेस प्लेटवर ०.१२ मिमी डोलू लागली. रोलिंगचा अंतर्गत ताण एका बाजूने मोकळा झाला की असे होणारच, आणि हे आधी ठाऊक असूनही घाईत ती प्लेट वापरली. ती बाजूला ठेवली आणि ताणमुक्त केलेली ओतीव टूलिंग प्लेट घेतली. सकाळी साडेआठला, शॉपचे तापमान २१ अंश असताना, तिची बुशची भोके बोअर केली. बुश बसवून मोजल्यावर सैलपणा डाव्या पिनेला १४ आणि उजव्या पिनेला १२ मायक्रॉन आला. प्लेट पिनांवर स्वतःच्या वजनाने, हवेचा हलका उसासा सोडत खाली गेली.

२२ मार्च

दुपारी तीन वाजता तीच प्लेट बसेना. डाव्या पिनेवर उतरायची आणि उजवीवर अडकायची. आधी बर (कडेला उरलेला धातूचा काटा) आला असावा असे वाटले, म्हणून ऑइल स्टोन फिरवला, काही सापडले नाही. नायलॉनच्या हातोडीने ठोकून बसवली, तर सोडताना दोन्ही टोके पाळीपाळीने उचलत काढावी लागली. तापमापक पाहिला तेव्हा ३२ अंश होते.

कारण कागदावर मांडले. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढते आणि पोलाद सुमारे ११.५. म्हणजे ३४० मिमी अंतरावर दोघांतील फरक दर अंशाला जवळपास ४ मायक्रॉन पडतो. ११ अंशांना तो ४३ मायक्रॉन झाला. दोन गोल पिनांना भोकांच्या अंतरातील जेवढी तफावत सोसते ती दोन्ही सैलपणांच्या बेरजेच्या निम्मी, येथे १३ मायक्रॉन. तीन-साडेतीन अंश तापमान वाढले की ही प्लेट अडकणार हे आराखड्यातच लिहिलेले होते, ते मी वाचले नव्हते. सकाळी सहज बसलेली प्लेट पाहून समाधान मानले, ही चूक येथे स्पष्ट नोंदवून ठेवतो.

२५ मार्च

उजवी गोल पिन काढून डायमंड पिन बसवली. डायमंड पिन दोन पिनांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने दोन्ही बाजूंनी तासलेली असते आणि त्या रेषेच्या काटकोनातच तिचा पूर्ण व्यास उरतो. त्यामुळे प्लेटला लांबीच्या दिशेने वाढायला मोकळीक मिळते, पण डाव्या पिनेभोवती फिरायला मिळत नाही. दोन गोल पिना लांबीची दिशा दोनदा बांधतात, आणि एकच गोष्ट दोघांनी ठरवायची म्हटली की त्यांचे कधीतरी पटेनासे होते.

तरीही दुपारी प्लेट किंचित चिकटली. पुन्हा हिशोब केला. तासलेल्या पिनेवर उरलेल्या पट्टीची रुंदी जितकी जास्त तितकी मोकळीक कमी. एका बाजूची मोकळीक म्हणजे भोकाचा व्यास गुणिले सैलपणा, भागिले पट्टीच्या रुंदीची दुप्पट. आमची पट्टी ३ मिमीची होती, तेव्हा १२ गुणिले ०.०१२ भागिले ६, म्हणजे ०.०२४ मिमी. डाव्या पिनेतील निम्मा सैलपणा धरला तरी ३१ मायक्रॉन होतात आणि गरज ४३ची आहे. पट्टी ग्राइंड करून दीड मिमी केली, तेव्हा एकट्या डायमंड पिनेवर ०.०४८ मिमी मिळाले. संध्याकाळपर्यंत दर तासाला प्लेट काढून बसवून पाहिली, ती एकदाही अडकली नाही.

पट्टी अरुंद झाल्याने लवकर झिजेल, हा दोष मान्य आहे. त्यावर दुसरा एक उपाय सुचला. पुढील प्लेटा सकाळच्या गारव्यात न बोअरता २६-२७ अंशांच्या सुमारास बोअर कराव्यात, म्हणजे तफावत एकाच बाजूला ४३ न जाता दोन्ही बाजूंना साधारण २२ मायक्रॉनची राहील. तसे केले असते तर ३ मिमीची पट्टीही पुरली असती.

डायमंड पिन दाबून बसवताना तिची दिशा ९० अंशांनी चुकली तर नेमके उलटे होते. लांबी बांधली जाते आणि प्लेट फिरायला मोकळी राहते. म्हणून पिनेच्या कॉलरला एक सपाट बाजू दिली आणि बेस प्लेटमध्ये तिच्याच आकाराची खाच केली. आता ती चुकीच्या दिशेने बसतच नाही.

२ एप्रिल

प्लेट चार कठीण केलेल्या पॅडवर टेकते. पॅड बेस प्लेटपासून ६ मिमी वर उचललेले आहेत, म्हणजे चिप्स आणि कुलंट खाली पडतात व टेकण्याची जागा लहान आणि पुसायला सोपी राहते. पहिल्या मांडणीत पॅड स्टडपासून ४५ मिमी आतल्या बाजूला होते. नट आवळताच प्लेटचा मध्य १४ मायक्रॉन वर आलेला डायलवर दिसला. कोपरे खाली ओढले जात होते आणि पॅड टेकूसारखे काम करत होते, त्यामुळे प्लेट धनुष्यासारखी वाकत होती. फिक्स्चर प्लेट वाकली की तिच्यावरील जॉब वाकतो, वाकलेला जॉब मशीनवर सपाट कापला जातो आणि सोडल्यावर वाकडा होतो. हा दोष मापनात सर्वांत उशिरा सापडतो.

पॅड नव्याने केले. आता स्टड पॅडच्या मधल्या भोकातून वर येतो, म्हणजे ओढ आणि टेकू एकाच उभ्या रेषेत आहेत. फिक्स्चर प्लेटच्या चारही कोपऱ्यांत आरपार पोलादी बुश दाबून बसवले. ते वर आणि खाली ०.०५ मिमी बाहेर ठेवले आणि दोन्ही बाजू एकत्र ग्राइंड केल्या. सी-वॉशर आता ॲल्युमिनियममध्ये रुतत नाही आणि खालच्या बाजूला पोलाद पोलादावर टेकते. नट आवळण्याआधी आणि नंतर प्लेटच्या मध्याचा फरक २ मायक्रॉन आला.

९ एप्रिल

पुनरावृत्तीची चाचणी घेतली. प्लेटवर ग्राइंड केलेला ठोकळा कायम आवळला, स्पिंडलला एक मायक्रॉनचा लिव्हर डायल लावला आणि प्लेट वीस वेळा पूर्ण काढून पुन्हा बसवली. एक्समध्ये १३, वायमध्ये १२ आणि झेडमध्ये ३ मायक्रॉनचा पसारा मिळाला. एक्स आणि वायचे आकडे पिनांच्या सैलपणाइतकेच आहेत, म्हणजे प्लेट त्या सैलपणात दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबते.

सैलपणा आणखी कमी करण्याचा मोह झाला, पण मग प्लेट बसताना तिरपी होऊन अडकण्याचा धोका वाढतो. त्याऐवजी एक साधी सवय लावली. प्लेट पॅडवर टेकली की नट हाताने घट्ट करायचे, डाव्या पुढच्या कोपऱ्यावर अंगठ्याने प्लेट उजवीकडे आणि मागे रेटून धरायची आणि तशीच धरून नट आवळायचे. सैलपणा आहे तेवढाच राहतो, पण तो नेहमी एकाच बाजूला जातो. पुन्हा वीस वेळा मोजले तेव्हा एक्समध्ये ४ आणि वायमध्ये ५ मायक्रॉन आले. एका अंगठ्याने साधलेला हा फरक मला या साऱ्या प्रकल्पातील सर्वांत समाधान देणारा वाटतो. तो ऑपरेटरच्या अंगवळणी पडला नाही तर टिकणार नाही, म्हणून पुढे स्प्रिंगचा एक प्लंजर (दाबून धरणारी खुंटी) बसवून तेच काम यंत्रणेकडे सोपवायचे आहे.

१० एप्रिल

कालच्या चाचणीत एक मोजणी वगळली होती, तिचा हिशोब येथे देतो. अकराव्या वेळी झेडमध्ये एकदम मोठा फरक दिसला, म्हणून प्लेट उचलली. एका पॅडवर केसासारखी बारीक चिप सापडली, तिची जाडी ०.०५ मिमी भरली. पॅडमधील अंतर सुमारे ३०० मिमी आहे. एका कडेला ०.०५ मिमीची उचल झाली तर प्लेटच्या १५० मिमी वर असलेला जॉबचा बिंदू आडवा ०.०२५ मिमी सरकतो. म्हणजे पिनांवर मिळवलेले ४ मायक्रॉन एका चिपने व्यर्थ ठरवले.

पुसण्याचा क्रमही महत्त्वाचा निघाला. आधी हवेचा फवारा मारला तर कुलंटने ओल्या झालेल्या चिप्स थेट बुशच्या भोकात जाऊन बसतात. म्हणून आधी भोके झाकून कापडाने पॅड पुसायचे, मग भोकांत हवा मारायची आणि शेवटी प्रत्येक पॅडवरून बोट फिरवायचे. डोळ्याला न दिसणारी चिप बोटाला लागते.

१६ एप्रिल

नट किती आवळावेत हा प्रश्न सोडवला. सुरुवातीला ६० न्यूटन-मीटर ठेवले होते. एम१२ला त्यातून साधारण २५ किलोन्यूटन ओढ मिळते, चार नटांची १००. पोलादावर पोलादाचे घर्षण ०.१५ धरले तर प्लेट आडवी सरकायला १५ किलोन्यूटन जोर लागेल. आमचे सर्वांत जड काम म्हणजे ३ किलोवॉट खाणारे फेस मिलिंग, कापण्याचा वेग मिनिटाला १५० मीटर. शक्ती भागिले वेग केले तर स्पर्शरेषेतील बल १२०० न्यूटन येते. म्हणजे बारा पटींहून अधिक राखीव होते. टॉर्क ४०वर आणला तरी सुमारे १० किलोन्यूटन प्रतिकार, म्हणजे आठ पट उरतो. ४० कायम केले आणि टॉर्क पाना तेवढ्यावर बांधून ठेवला.

या हिशोबातून आणखी एक गोष्ट ठरते. कापण्याचे बल घर्षणाने पेलायचे आहे, पिनांनी नाही. पिनांना मार बसू लागला तर त्या झिजतील आणि नेमकेपणा हळूहळू कोणाच्याही लक्षात न येता जाईल.

ड्राय रनमध्ये (न कापता केलेल्या चाचणीत) ६३ मिमीचा फेस मिल मागच्या उजव्या नटापासून केवळ ४ मिमी अंतरावरून गेला. त्या प्लेटच्या मागच्या दोन्ही बुशांत खोलगट खाच करून सी-वॉशर आत उतरवला आणि बेस प्लेटवरील तेवढे दोन स्टड बदलून आखूड बसवले. इतर प्लेटांवरही हाच बदल करावा लागेल, कारण स्टड सर्वांना सामाईक आहेत.

२४ एप्रिल

ऑफसेटची, म्हणजे जॉबचे शून्य कोठे आहे ते मशीनला सांगण्याची, पद्धत ठरवली. प्रत्येक प्लेटसाठी जी१० (ऑफसेट लिहिण्याची आज्ञा) वापरून थेट जी५४मध्ये (मशीनमधील शून्याच्या नोंदीत) आकडे लिहिणे सोपे वाटते, पण मग बेस प्लेट कधी हलली तर सर्व प्रोग्रामचे आकडे बदलावे लागतील. त्यापेक्षा जी५४चे शून्य कायमचे डाव्या गोल पिनेच्या मध्यावर आणि पॅडच्या माथ्यावर ठेवले. प्रत्येक प्लेटचे जॉब-शून्य तेथून किती अंतरावर आहे ते प्रोग्रामच्या सुरुवातीला जी५२ने (शून्य तात्पुरते सरकवण्याच्या आज्ञेने) द्यायचे आणि शेवटी जी५२ एक्स० वाय० झेड० लिहून ते पुसायचे. बेस प्लेट हलली तर एकच शून्य पुन्हा घ्यावे लागेल. हे पुसणे विसरले तर पुढचा प्रोग्राम सरकलेल्या जागी चालेल, म्हणून सर्व प्रोग्रामच्या पहिल्या ओळीतही तीच पुसण्याची आज्ञा टाकली आहे. प्लेटचा क्रमांक आणि तिचे तीन आकडे प्लेटच्या पुढच्या कडेवर कोरले.

जॉब-शून्य गोल पिनेजवळ ठेवण्याला तापमानाचेही कारण आहे. प्लेट गोल पिनेपासून वाढते. पिनेपासून ३०० मिमी अंतरावरचे भोक १० अंशांत बेस प्लेटच्या तुलनेत सुमारे ३५ मायक्रॉन सरकते, तर ५० मिमीवरचे ६ मायक्रॉनही नाही. म्हणून ज्या जॉबला कडक टॉलरन्सचे बोअर आहेत त्याचे तोंड प्लेटवर डावीकडे वळवले.

२ मे

तीन प्लेटा रोजच्या कामात आल्या. आजचा बदल ३ मार्चच्याच दोन जॉबमधील होता आणि तोच सेटर. एकूण १४ मिनिटे लागली. नट सैल करून प्लेट उतरवणे २, पॅड व भोके पुसणे ३, नवी प्लेट बसवून आवळणे २, प्रोग्राम बदलून ऑफसेट पडताळणे १, पहिला नग कापून मोजणे ६. डायल लागलाच नाही. पुढच्या जॉबची टूले आणि प्लेट ट्रॉलीवर आधीच तयार होती, त्याचे श्रेय पिनांना नाही, सेटरना आहे.

पहिला नग मोजण्याची ६ मिनिटे मी कमी करणार नाही. प्लेट बरोबर बसली याचा तोच पुरावा आहे.

१९ मे

डायमंड पिनेची पट्टी मायक्रोमीटरने मोजली. नवी असताना ११.९९० मिमी होती, आज ११.९८८. प्लंजर बसवला, त्यानंतर वीस वेळांच्या चाचणीत एक्स ४ आणि वाय ४ मायक्रॉन आले आणि अंगठ्याची गरज उरली नाही. मात्र प्लंजर मागे दाबला जाईपर्यंत प्लेट एका कडेला किंचित उचललेली राहते, म्हणून त्याच्या टोकाला १५ अंशांचा लांब उतार दिला. चौथ्या प्लेटची भोके उद्या दुपारी, तापमान २६ अंशांवर पोहोचल्यावर बोअर करायची आहेत. प्लेट आज रात्रीपासूनच मशीनच्या टेबलावर ठेवली आहे.